केमो चालू असताना व्हॅनने कोकण

ताई, आधी केमोच्या तारखा, मग नकाशा. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी होतात, म्हणजे संसर्ग पटकन होतो. ते दिवस घरीच काढा. केमोच्या पुढच्या फेरीआधीचा आठवडा फिरायला बरा, तोही रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणाले तर.

ताप 100.4 फॅरनहाइटला पोचला की पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सी गाठायची. म्हणून मुक्काम ठरवतानाच रुग्णालयाचा रस्ता बघून ठेवा. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने अंतर वाचतं, पण मध्यरात्री तिच्या भरवशावर राहू नका.

पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, गोठू द्यायचं नाही. व्हॅनमधले छोटे फ्रिज मागच्या बाजूला चक्क बर्फ धरतात, तेव्हा इंजेक्शन मधल्या कप्प्यात, डब्यात, शेजारी थर्मामीटर. केमोचं औषध लघवीतून बाहेर पडतं, म्हणून केमोनंतरचे 48 तास टॉयलेटची टाकी रिकामी करायचं काम भावजींकडे, हातमोजे घालून. कुरकुर केली तरी!

मालवणात तळलेली सुरमई खुशाल खा, नीट शिजलेली आणि गरम. सोलकढी मात्र बाहेरची नको. नारळाचं दूध कच्चं, पाणी कुठलं कोण जाणे. व्हॅनमध्येच उकळलेल्या पाण्यात कोकमाचं आगळ घालून प्या.