खेचर वांझ, मग झाडांचा संकर कसा चालतो?

प्रश्न : शाळेत शिकलो होतो की दोन जातींचा संकर झाला की पिल्लू वांझ निघतं, जसं खेचर. आणि आता वाचतोय की जंगलातली झाडं दुसऱ्या जातीशी संकर होऊन बदलत्या हवामानात टिकतात, हे कसं काय? आणि आपलं हापूसचं कलम हा पण संकरच ना?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी कलमाचं सांगतो, कारण हा घोळ खूप जणांचा होतो. कलम म्हणजे संकर नाही. हापूसची काडी रायवळच्या रोपावर बांधली तरी वरचं झाड जुनाच हापूस असतो, जनुकांची सरमिसळ काहीच होत नाही. ती होते एका झाडाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर पडून बी धरलं की.

आता खेचर. घोड्याची गुणसूत्रं, म्हणजे जनुकं वाहून नेणारे पेशीतले धागे, 64, गाढवाची 62, म्हणून खेचराला येतात 63 आणि बीजपेशी बनताना त्यांच्या जोड्याच नीट लागत नाहीत, म्हणून ते वांझ. पण युरोपातल्या ओकच्या दोन जाती बघा, एकीची फळं लांब देठावर लोंबतात, दुसरीची फांदीलाच चिकटून येतात. पहिलीला ओली जड जमीन चालते, दुसरीला निचऱ्याची कोरडी. पण दोघींची गुणसूत्रं 24च, त्यामुळे संकरातून आलेलं झाड बहुतेक वेळा वांझ नसतं आणि त्याचा पुढे परत आईच्या किंवा बापाच्या जातीशी संकर होऊ शकतो.

खरी गंमत हिमयुगानंतरची. साधारण 20,000 वर्षांपूर्वी उत्तर युरोप बर्फाखाली होता आणि ओक दक्षिणेत स्पेन, इटली, बाल्कन भागात तग धरून होते. बर्फ हटला तसे उत्तरेला सरकले, बिया नेल्या जे नावाच्या पक्ष्याने, हा कावळ्याच्या कुळातला, फळं जमिनीत पुरून ठेवतो आणि काही तशीच राहून जातात. लांब देठवाली जात मोकळ्या जागेत आधी पोचायची, बिनदेठाची मागे असायची पण तिचे पराग वाऱ्यावर पुढे जाऊन आधीच पोचलेल्या झाडांच्या फुलांवर पडायचे. संकर, मग त्या संकरावर परत तेच पराग, असं पिढ्यानपिढ्या होत बिनदेठाची जात स्वतःची बी न पोचताही तिथे उभी राहिली! याचा पुरावाही झाडातच आहे. ओकमध्ये हरितलवकाचा (पेशीतल्या हिरव्या, अन्न बनवणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो, आणि फ्रान्सच्या रेमी पेती यांच्या टीमला एका भागातल्या दोन्ही जातींमध्ये बरेचदा तो सारखाच सापडला, म्हणजे तिथल्या बिनदेठाच्या झाडांची मूळ आई लांब देठवालीच.

पुढच्या अभ्यासात तर असं दिसलं की थंड प्रदेशातल्या बिनदेठाच्या ओकमध्ये तिथे टिकायला उपयोगी पडणारी काही जनुकं शेजारच्या जातीकडूनच आलेली आहेत. मला हे फार मोठं वाटतं. जंगलात ओकला बी धरायलाच 30-40 वर्षं लागू शकतात, अशा झाडाने योग्य बदल आपोआप होईल म्हणून किती वाट बघायची? त्यापेक्षा शेजारणीकडून विरजण आणावं तसं, त्या हवेत आधीच मुरलेलं जनुक आणलेलं बरं. आलेलं सगळंच टिकतं असं नाही, जे तिथे जमत नाही ते गळून जातं, म्हणून इतक्या देवाणघेवाणीनंतरही दोन्ही जाती वेगळ्या ओळखू येतात.

प्रश्न : मग मुद्दाम वेगवेगळ्या जाती शेजारी लावून संकर घडवावा का?

उत्तर : सरसकट नको. कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटालिना बेटावर माउंटन महोगनी नावाच्या छोट्या झाडाची एक जात आहे, जगात फक्त तिथेच. शेळ्यांनी वगैरे चरून तिची मोठी झाडं बोटांवर मोजण्याइतकी उरली आणि शेजारी तिच्याच कुळातली दुसरी जात भरपूर. आता तिथे संकर झाला की त्या दुर्मिळ जातीला मदत होत नाही, उलट ती हळूहळू विरघळून जायची भीती आहे. ओकच्या दोन्ही जाती संख्येने भरपूर होत्या म्हणून त्यांना देवाणघेवाण परवडली. तुमच्या भागात एखाद्या जातीची शेवटची चार-पाच झाडं असतील तर आधी त्यांच्याच बियांची रोपं वाढवा.