विंडोज १० मधली लपलेली फीचर्स कुठून चालू-बंद करायची?

तुम्ही लिहिलंय की अप्पा बळवंत चौकातल्या दुकानाचं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर नव्या पीसीवर उघडतच नाही, डॉट नेट ३.५ (जुने प्रोग्राम चालायला लागणारा मायक्रोसॉफ्टचा भाग) मागतं. कुठल्याशा साइटवरून सेटअप उतरवत बसू नका, ते विंडोजमधूनच चालू करता येतं, फक्त बंद असतं.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ऑप्शनलफीचर्स (optionalfeatures) हा शब्द इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता टाइप करा आणि एंटर मारा. यादी उघडेल. डॉट नेट ३.५ पुढे टिक करून ओके. फाइल्स विंडोज अपडेटवरून येतात, म्हणून नेट चालू हवं. चौकोनात टिकऐवजी भरलेला काळा चौकोन दिसला तर घाबरू नका, त्या गटातलं थोडंच चालू आहे एवढाच अर्थ.

त्याच यादीत हायपर-व्ही (पीसीच्या आत दुसरा आभासी पीसी चालवायची सोय) सापडत नसेल तर तुमची होम आवृत्ती असणार. तिच्यात ते मिळत नाही.

आणि हो, जुना स्कॅनर चालावा म्हणून कोणी एसएमबी १.० (नेटवर्कवरून फाइल्स देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालू करा म्हणालं तर ऐकू नका. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल्स अडकवून खंडणी मागणारा व्हायरस त्याच वाटेने पसरला होता. दुकानाचा सगळा हिशेब त्या पीसीवर आहे, स्कॅन केलेलं पेनड्राइव्हवर घ्या.