हिरवी पेशी दिसली की आधी तिचं मूळ विचार

प्रिय बाय,

तुझा मेसेज परवा रायबंदरला फेरीची वाट बघताना उघडला, फेरी आली, मी चढले, दिवाडीला उतरले तरी तो संपला नव्हता. एवढं लांब लिहितेस आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र तीन ओळी, हे मी विसरले नाहीये हां. असो. तुला पीएचडी करायचीय, ती पण रेटिना, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा, परत उगवण्यावर, पेशींच्या एपिजेनेटिक रीप्रोग्रॅमिंगवर, म्हणजे डीएनए तोच ठेवून कुठले जीन्स चालू आणि कुठले बंद हे बदलण्यावर, आणि कारण म्हणजे आजोबांचा काचबिंदू. आजोबांचं शेवटी बोलू, आधी विषयाचं.

तू लिहिलंयस की "जीन्स उघडले की पेशी परत तरुण होते". इथेच मला तुला थांबवायचंय. आमच्या घरामागची खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, तू बघितलीयस. त्या एकाच शेतात पावसात कोरगुट भात येतो आणि भात कापला की खारं पाणी घेऊन त्यातच सुंगटं, म्हणजे कोळंबी. माती तीच, बांध तोच, फरक फक्त मानशीचा, म्हणजे बांधातल्या त्या लाकडी दारांचा, कधी पाणी आत घ्यायचं आणि कधी अडवायचं. डीएनए म्हणजे ती जमीन समज. प्रत्येक पेशीत साधारण दोन मीटर धागा, हिस्टोन नावाच्या प्रोटीनच्या रिळांवर गुंडाळलेला, एका रिळावर १४७ अक्षरं, आणि कुठला भाग सैल, कुठला घट्ट, कशावर मिथाइल या छोट्या रासायनिक गटाचा शिक्का, ही झाली दारं. आता मला सांग, खाजनात सगळी दारं एकदम सताड उघडली तर पीक दुप्पट येतं का? खारं पाणी भातात शिरतं आणि शेत वाया जातं, पुढची काही वर्षं पण.

आता मासा. झीब्राफिश, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतो तोच पट्ट्यापट्ट्यांचा, गंगेच्या खोऱ्यातला, हॅमिल्टनने १८२२ साली वर्णन केलेला. त्याच्या रेटिनाला इजा केली तर म्युलर ग्लिया नावाच्या पेशी, ज्या एरवी नुसत्या आधार देण्याचं, साफसफाईचं काम करतात, त्या आपली ओळख सोडतात, एएससीएल१ए नावाचा जीन चालू होतो, मग लिन२८ हा दुसरा, आणि लिन२८ लेट-७ नावाच्या छोट्या आरएनएला दाबतो, पेशी विभागायला लागते आणि काही आठवड्यांत मासा परत बघायला लागतो. आपल्याकडे, उंदराकडे, म्युलर ग्लिया आहेत, अगदी तशाच दिसणाऱ्या, पण इजा झाली की त्या फुगतात, व्रण करतात आणि गप्प बसतात.

२०१७ साली सिॲटलच्या टीमने मोठ्या उंदरांच्या म्युलर ग्लियात एएससीएल१, म्हणजे माशातल्या त्याच जीनचं उंदरातलं रूप, घातला. नुसत्या त्याने लहान पिल्लांमध्ये जमत होतं, मोठ्यांत नाही, दारं बंद झालेली असतात ना. म्हणून सोबत टीएसए दिलं, म्हणजे हिस्टोनवरचे ॲसिटिल काढणारं जे एन्झाइम आहे, एचडॅक, त्याला अडवणारं औषध. आणि न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, तयार झाले, जुन्या पेशींशी जोडले गेले, प्रकाशाला प्रतिसाद पण दिला. हे वाचून तू उड्या मारल्या असणार, मी पण मारल्या होत्या. पण आता दुसरं बघ. पुढच्याच वर्षी, २०१८ ला, आपल्या आयसर मोहाली या संशोधन संस्थेतून माशावरचं काम आलं, त्यात एचडॅक१ अडवला तर माशाचं उगवणं थांबतं! औषधाचा प्रकार तोच, उंदरात दार उघडतो, माशात सगळंच बंद पाडतो. का? तर त्यांना दिसलं की ज्या पेशी विभागत असतात त्यांच्यातून एचडॅक१ गायब असतो आणि शेजारच्या पेशींत वाढलेला असतो. म्हणजे कुठल्या पेशीत, कुठल्या दिवशी, हा सगळा खेळ आहे. हे चित्र स्वतः बघ, नुसतं ॲबस्ट्रॅक्ट वाचून सोडू नकोस. मला विचारशील तर तुझी पीएचडी या विसंगतीतच आहे, "उघडा" किंवा "बंद" या शब्दांत नाही.

आणि एक गोष्ट सांगते जी मी वर्गात कधी सांगितली नाही, लाज वाटायची. पोस्टडॉकला असताना (लॅबचं नाव नको) आम्ही व्हायरसमधून एक जीन म्युलर ग्लियात घालत होतो, व्हायरसवर ग्लियाचा म्हणून प्रोमोटर, म्हणजे जीन कुठल्या पेशीत चालू व्हायचा ते ठरवणारा तुकडा, सोबत हिरवा रंग, की ज्या पेशीत गेला ती हिरवी दिसावी. तीन आठवड्यांनी कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली बघते तर आतल्या थरात गोल गरगरीत हिरव्या पेशी, लांब शेपट्या असलेल्या, अगदी गँग्लियन पेशी, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे तार नेणारे न्यूरॉन! मी घरून आणलेली बेबिंका कापली, सगळ्यांना वाटली, आईला रात्री दोन वाजता फोन केला. आठवड्याने एका ज्युनियर मुलाने कंट्रोल लावला, म्हणजे तोच व्हायरस, तोच रंग, पण आतला जीन काढून टाकलेला. तिथेही तशाच हिरव्या पेशी. काही बदललंच नव्हतं गं, प्रोमोटर गळका होता, आधीपासून असलेल्या न्यूरॉनमध्येच रंग चढत होता. कंट्रोल आधी का लावला नाही? वेळ नव्हता म्हणून, असं मी तेव्हा म्हणायचे. खरं कारण, बघायचंच नव्हतं.

माझं तर लपलं, पण जगात पण हेच झालं. २०२० मध्ये एका नामांकित जर्नलमध्ये आलं की पीटीबीपी१ नावाचा एक जीन दाबला की म्युलर ग्लियाच्या गँग्लियन पेशी होतात, आणि आंधळ्या उंदरांना दिसायला लागतं. वर्तमानपत्रांत बातम्या. मग दुसऱ्या लॅब्जनी ग्लियाला आधीच कायमची खूण करून, म्हणजे टॅमोक्सिफेन या औषधाने चालू होणारं क्री नावाचं एन्झाइम वापरून, त्यांचा माग काढला, तर खूण असलेली एकही पेशी न्यूरॉन झालेली सापडेना. हे प्रकरण तू नीट, तारखांसकट वाच. यातून तुला जे मिळेल ते कुठल्या टेक्स्टबुकात नाही.

म्हणून इंटरव्ह्यूला जाशील, हैदराबादला जा, मोहालीला जा, बंगळूरला जा, तिथल्या मोठ्या मशीन बघून भारावू नकोस. सिंगल सेल (एकेका पेशीतले चालू जीन्स वाचणं) आणि ॲटॅक-सेक (डीएनए कुठे सैल आहे ते बघणं) शिकशीलच, आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसेल तर मे महिन्यात शिकून घे, आंबे खाऊन उरलेल्या वेळात. त्यापेक्षा तिथल्या जुन्या विद्यार्थ्याला चहाला घेऊन जा आणि विचार, इथे लिनिएज ट्रेसिंगचे, म्हणजे खूण करून पेशीचा माग काढायचे, उंदीर आहेत का, आणि निकाल फसला तर सर काय म्हणतात. "परत कर, यायलाच पाहिजे" असं उत्तर आलं तर तिकीट काढ आणि घरी ये. आणि क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याचे पातळ काप करणाऱ्या मशीनवर, हात बसव, डोळ्याचं सेक्शन कापताना रेटिना निसटते, पहिले दोन महिने रडशील, सगळेच रडतात.

आता आजोबा. काचबिंदूत मरतात त्या गँग्लियन पेशी, ज्यांच्या तारा मेंदूपर्यंत जातात, एका डोळ्यातून साधारण दहा लाख. नवी पेशी बनवली तरी तिची तार तिथपर्यंत पोचवायची हा वेगळाच डोंगर. २०२० चंच हार्वर्डचं काम आहे, त्यात नवीन पेशी बनवल्याच नाहीत, जुन्यांनाच तीन जीन्स दिले, ऑक्ट४, सॉक्स२, केएलएफ४ (पेशीला परत मूळ अवस्थेत नेणारे यामानाका या शास्त्रज्ञाचे चार जीन्स आहेत, त्यातला सी-मिक वगळला, कॅन्सरची भीती), आणि पेशीची ओळख न घालवता मिथाइलचे शिक्के तरुणपणासारखे झाले, काचबिंदूच्या उंदरांची गेलेली नजर थोडी परत आली. टेट१, टेट२ ही शिक्के पुसणारी एन्झाइम्स काढली तर मात्र जमलं नाही. मला हा रस्ता जास्त पटतो, पण उंदीर तो उंदीर.

त्यामुळे आजोबांना अजून काही वचन देऊ नकोस. आणि ते स्टेम सेलच्या इंजेक्शनची जाहिरात तुला कोणीतरी फॉरवर्ड केलीय म्हणालीस ना, ती डिलीट कर. अमेरिकेत फ्लोरिडामधल्या एका क्लिनिकने तीन बायकांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतल्या पेशी टोचल्या होत्या, तिघींची नजर गेली, २०१७ ला छापून आलंय. ड्रॉप्स वेळेवर घालतात का ते बघ, रात्रीचा ते चुकवतात हे मला तुझ्या आईने सांगितलंय.

शनिवारी ये. ते २०१७ आणि २०१८ चे दोन्ही पेपर प्रिंट काढून आण, सप्लिमेंटरी फिगर्ससकट, फोनवर दाखवू नकोस, मला आता दिसत नाही. संध्याकाळी ओहोटी लागली की मानशीवर जाऊ, सुंगटं मिळाली तर जेवूनच जा.

तुझी,
टीचर