रिचमंड की रॉस? माझं मत रॉसला

तुमचा प्रश्न असा: ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्टहून लॉन्सेस्टनला जाताना हाताशी अर्धा दिवस आहे, कैद्यांनी बांधलेलं जुनं टास्मानिया बघायचंय, तर रिचमंड धरावं की रॉस? मी रॉस म्हणेन, तेही ठामपणे.

रिचमंड सुंदर आहे, यात वाद नाही. तिथला १८२५ सालचा पूल हा ऑस्ट्रेलियातला आजही वापरात असलेला सर्वांत जुना पूल, आणि गावातला तुरुंगही त्याच वर्षीचा. पण तिथला दगड कुणी घडवला हे दगडाकडे बघून समजत नाही. रॉसला समजतं.

रॉसचा पूल १८३६चा. मॅक्वारी नदीवर तीन कमानी, सगळं काम वालुकाश्मात. आराखडा सरकारी वास्तुविशारद जॉन ली आर्चर यांचा. काम बराच काळ रखडलं होतं. शेवटी ते दोन कैदी पाथरवटांकडे आलं, जेम्स कोलबेक आणि डॅनियल हर्बर्ट. हर्बर्टला वाटमारीबद्दल फाशीची शिक्षा सुनावली होती, ती बदलून जन्मठेपेवर त्याला समुद्रापार धाडलं होतं. पूल झाल्यावर पुढे दोघांनाही माफी मिळाली.

पुलावरून नुसती गाडी नेलीत तर यातलं काहीच दिसणार नाही. नदीकाठी खाली उतरा. कमानींच्या दोन्ही अंगांच्या दगडांवर मिळून १८६ कोरीव चित्रं आहेत: प्राणी, पानं, वेली, एकमेकांत गुंतलेले आकार आणि माणसांचे चेहरे. रस्त्याच्या पुलाला असल्या नक्षीची काही गरज नव्हती. तरीही दगडामागून दगड कोरला गेला, आणि एक चित्र दुसऱ्यासारखं नाही. त्यातला मुकुटधारी चेहरा यॉर्गन यॉर्गनसनचा मानतात. हा डेन्मार्कचा माणूस १८०९मध्ये काही आठवडे आइसलँडचा कारभारी होऊन बसला होता, नंतर कैदी म्हणून टास्मानियात आला आणि रॉस भागात शिपाई झाला. ऊन तिरपं असताना जा, कोरीव काम तेव्हा उठून दिसतं. दगड मऊ आहे आणि झिजतोय, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका.

एक सांगावंसं वाटतं. कैदी समुद्रापार नेऊन त्यांच्याकडून वसाहत उभी करून घेणं ही इंग्रजांची रीतच होती. आपल्या महाबळेश्वरच्या तुरुंगातही चिनी आणि मलायी कैदी होते. त्यांनी तिथले रस्ते केले, आसपास बटाट्याची लागवड रुजवली. १८६४मध्ये तो तुरुंग बंद झाला. टास्मानियात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. १८५३पर्यंत सत्तर हजारांहून जास्त कैदी तिथे उतरवले गेले. आणि रॉसभोवतीची मेंढ्यांची कुरणं ही मुळात तिथल्या आदिवासींची जमीन, त्यांना मारून-हुसकावून घेतलेली. पूल बघताना हेही ध्यानात असावं.

गावातला चौक, जुनं हॉटेल, एल्मच्या झाडांचा रस्ता हे चालता चालता होतं. चर्चच्या बाजूने पुढे 'फीमेल फॅक्टरी'ची, म्हणजे बायकांच्या कैदखान्याची जागा आहे, तिथे मात्र वेळ काढा. बहुतेक पर्यटक ती टाळतात, कारण वर फारसं काही उभं नाही. पर्यवेक्षकाचं छोटं घर आणि गवताखाली दडलेले पाये. १८४८ ते १८५४ इथे कैदी बायका ठेवत. इथून त्यांना घरकामाला धाडायचे. तिथे कुणी गरोदर राहिली तर परत इथेच आणायचे. बाळंतपण उरकायचं, मूल अंगावरून सुटलं की बाईला शिक्षा, कारण लग्नाविना गरोदरपण हाच तिचा गुन्हा. एकांतकोठड्यांच्या जागी उत्खनन झालं तेव्हा बटणं, तंबाखूच्या चिलमींचे आणि दारूच्या बाटल्यांचे तुकडे सापडले. म्हणजे अंधारकोठडीतही त्या बायकांनी आपापसात देवघेव चालू ठेवली होती. मला या गावातली ही सगळ्यात मोलाची जागा वाटते.

जवळच टेकाडावर जुनी दफनभूमी आहे. हर्बर्ट १८६८मध्ये वारला, त्याची कबर तिथे आहे; त्यावरचं कोरीव काम त्याच्याच हातचं मानतात.

महामार्ग आता गावाबाहेरून जातो, त्यामुळे रॉसचा फाटा बघून वळा. वेळ कमी पडलाच तर दुकानं सोडा. पुलाखाली उतरणं आणि फॅक्टरीचं मैदान, एवढं नक्की करा.