आठ महिने गाईडना फोन केला नाही, पीएचडी सोडू का? – माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जानेवारी २०२३ ची नोंदणी, विषय समाजशास्त्र, काम ऊसतोड कामगार बायकांवर. ४० मुलाखती रेकॉर्ड झाल्यात, निम्म्या उतरवून काढल्यात, पण प्रकरण एकही लिहून झालेलं नाही. तासिका तत्त्वावर शिकवता, घरी चार वर्षांचा मुलगा आहे. आणि आठ महिने सरांना फोन केलेला नाही. हे शेवटचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

मीही सात महिने गाईडना तोंड दाखवलं नव्हतं. माझा विषय एकोणिसाव्या शतकातली मराठी वृत्तपत्रं. ग्रंथालयात जाऊन जुने अंक चाळायचे, टिपणं काढायची, वह्या भरत जायच्या. लिहायला बसायची वेळ आली की वाटायचं, अजून एक वर्षाची फाईल बघून घेऊ. प्रत्येक नवी वही म्हणजे काम पुढे सरकल्यासारखं वाटे. खरं तर मी लिहिण्याला घाबरत होतो. सरांनी विचारलं तर दाखवायला काही नाही, म्हणून फोन नाही. फोन केला नाही म्हणून आता आणखी भरीव काहीतरी घेऊनच गेलं पाहिजे. अशा रीतीने दर महिन्याला ओझं वाढत गेलं. एका चर्चासत्रात सर समोरून येताना दिसले आणि मी मागच्या दाराने बाहेर पडलो. त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर मला स्वतःची फार लाज वाटली.

शेवटी सहामाही प्रगती अहवालावर सही हवी होती म्हणून जावंच लागलं. ११ पानं होती, विस्कळीत, कुठे संदर्भ अर्धवट. सर रागावले नाहीत. पानं ठेवून घेतली आणि तीन आठवड्यांनी परत दिली. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'पान ४ ते ७ हेच तुमचं प्रकरण आहे.' त्या चार पानांत १८७६-७८ च्या दुष्काळाच्या बातम्या होत्या. 'ज्ञानप्रकाश' काय छापतो, १८७७ मध्ये नुकताच निघालेला 'दीनबंधू' काय म्हणतो, पुण्याची सार्वजनिक सभा ही संस्था दुष्काळाबद्दल सरकारला काय कळवते, एवढंच. अख्ख्या शतकाचा पसारा तिथे गळून पडला. 'केसरी' १८८१ मध्ये सुरू झाला, म्हणजे दुष्काळानंतर. त्याच्या टिपणांच्या दोन वह्या बाजूला ठेवताना फार जड गेलं, पण पहिलं प्रकरण पुढच्या चार महिन्यांत झालं. शीर्षकातला बदल संशोधन सल्लागार समितीकडून मंजूर करून घेतला.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की सगळं नीट झाल्यावर सरांकडे जाईन असं ठरवू नका. कच्चं घेऊन जा. गाईडला तुमचं अर्धवट लेखन दिसलं नाही, तर त्याला मार्ग दाखवायला हातात काहीच नसतं.

आणि तुमच्याकडे देण्यासारखं आहे, ताई. मी तुमच्या विषयातला नाही, तरी तुम्ही लिहिलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे कामाची एक जोडी, धरतात, पण मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, सहसा नवऱ्याच्या नावावर असते. निम्मं कष्ट तिचं, व्यवहारात ती कुठेच नाही. ४० पैकी ज्या मुलाखतींत उचलीबद्दल बाई स्वतःहून बोलली आहे, तेवढ्याच पाच-सहा काढा. आरोग्य, मुलांची शाळा, कोप्यांवरचं (तात्पुरत्या झोपड्यांवरचं) पाणी आत्ता बाजूला. फक्त उचलीवर आठ-दहा पानं लिहा. त्या बायकांचे शब्द जसेच्या तसे ठेवा, सिद्धान्त नंतर जोडता येईल. उरलेल्या मुलाखती उतरवायचं काम तोवर थांबवा. ते काम खरं आहे, पण माझ्या वह्यांसारखी ती लपायची जागा होते आहे असं मला वाटतं.

मुदतीची जेवढी भीती तुम्ही घेतली आहे, तेवढी घ्यायचं कारण नाही. तुमची नोंदणी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नोव्हेंबर २०२२ च्या नियमांखाली येते. मुदत सहा वर्षांची, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिला संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. शिवाय पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजेची तरतूद आहे. विद्यापीठाच्या पीएचडी विभागात जाऊन हे लेखी विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका. त्याच नियमांनी प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची देशभरची सक्तीही काढली. तुमच्या विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती पाळा, पण पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांच्या नादी लागू नका.

एका संध्याकाळी शोधगंगेवर, म्हणजे पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, तुमच्या विषयाजवळचे तीन-चार प्रबंध उघडून अनुक्रमणिका आणि शेवटचं प्रकरण तेवढं वाचा. मंजूर झालेले प्रबंध किती साधे, कधी किती विस्कळीत असतात हे पाहिलं की छातीवरचं दडपण उतरतं. माझं उतरलं होतं.

वेळेबद्दल मोठा सल्ला द्यायचा मला अधिकार नाही. माझ्या घरी लहान मूल नव्हतं आणि स्वयंपाक माझ्यावर नव्हता, हा फरक मोठा आहे. मुलगा उठायच्या आधीचा पाऊण तास, आठवड्यातून चार दिवस, इतकं घरच्यांकडून स्पष्ट मागून घ्या. 'झालं का गं पीएचडी?' असं लग्नकार्यात विचारणाऱ्यांना 'चालू आहे' एवढंच उत्तर पुरतं.

हे सगळं गाईड सरळ माणूस आहे असं धरून लिहिलं. सर घरची कामं सांगत असतील, पैसे मागत असतील, नको तसं बोलत असतील, तर तो तुमचा दोष नाही आणि ते सहन करायचं नसतं. गाईड बदलून मिळतो. विभागप्रमुखांकडे लेखी अर्ज करा, आणि वागणं लैंगिक छळाचं असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे.

झोप लागत नाही, रडू येतं असंही तुम्ही लिहिलंय. ते अभ्यासाचा भाग म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

सोडायचं का, हा प्रश्न ती आठ पानं सरांनी वाचल्यावर पुन्हा स्वतःला विचारा. तेव्हाही 'हो' आलं तर सोडा, कुणी काही म्हणो. आज मात्र तुम्ही फक्त थकलेल्या आहात आणि घाबरलेल्या आहात.

सरांना मेसेज लांबलचक लिहू नका, कारणंही देत बसू नका. 'सर, बरेच दिवस संपर्क केला नाही, क्षमस्व. उचलीवरच्या मुलाखतींवर लिहायला घेतलं आहे. पुढच्या महिन्यात कच्ची आठ पानं घेऊन भेटायला येऊ का?' इतकंच. पानं आधी कुणाला तरी दाखवावीशी वाटली तर मला पाठवा, मी नीट वाचून कळवेन.