झडप आत उघडते, मग पडदा कुठे लावायचा?

प्रश्न : जुन्या घराच्या खिडक्या ४ फूट रुंद, ४ फूट उंच आहेत. बाहेरून गज, दोन्ही झडपा आत उघडतात. रिंगांचे पडदे लावले, पण झडप रॉडला आपटते आणि कापड बिजागरीपाशी चेंगरते. नवे पडदे शिवायचे तर कापड किती लागेल? (सातारा)

उत्तर : पडद्याला दोष देऊ नका, रॉडची जागा चुकली आहे. आत येणारी झडप रॉडच्या खालून फिरली पाहिजे. त्यासाठी रॉड चौकटीच्या ५ इंच वर आणि दोन्ही अंगांना १० इंच बाहेर घ्या. सारलेल्या पडद्याचा गठ्ठा या १० इंचांत, बिजागरीच्या पलीकडे राहतो. झडप पार भिंतीकडे लोटली तर तो मागे दबणारच. काटकोनात थांबेल अशी लांब आकडी लावून घ्या.

चौकटीवर बहुधा सिमेंटची तुळई असते. साधे ड्रिल तिच्यात शिरत नाही, मग कारागीर ब्रॅकेट सरकवून नुसत्या गिलाव्यात ठोकतो आणि काही महिन्यांत तो निखळतो. हॅमर ड्रिलच मागवा. ८ मिमीचा प्लग, २ इंची स्क्रू. लाकडी तुळई असेल तर प्लग नको. ब्रॅकेट भिंतीपासून साडेतीन इंच पुढे हवा, नाहीतर चुण्या भिंतीला घासतात.

आता कापड. रॉड ४८ अधिक २०, म्हणजे ६८ इंच. चुण्या नीट पडायला कापड याच्या दुप्पट, १३६ इंच लागते. ४८ इंची पन्ह्याचे तीन पट्टे घ्या, एका पडद्याला दीड पट्टा. दोनच पट्ट्यांत भागवले की पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो, आणि ही काटकसर रोज डोळ्यांना खुपते. शिवून तयार उंची ६२ इंच धरा (रॉडच्या वर १ इंच, चौकटीखाली ८ इंच), वरच्या-खालच्या दुमडीला १० इंच. एक पट्टा ७२, तीन मिळून २१६ इंच, म्हणजे साधारण साडेपाच मीटर. सुती कापड आटते, म्हणून ६ मीटर घ्या आणि कापण्याआधी पाण्यातून काढा. फुलांची नक्षी जुळवायची असेल तर प्रत्येक पट्ट्यामागे नक्षीच्या एका फेऱ्याइतके जास्त.

प्रत्येक पडद्याला रिंगा सम संख्येतच, इथे १२. विषम झाल्या की एक कड भिंतीकडे न वळता खोलीत येते. शेवटची रिंग ब्रॅकेटच्या बाहेर अडकवा, म्हणजे पडदा ओढताना टोक जागचे हलत नाही.

प्रश्न : लोखंडी खिडकी, झडपा बाहेर उघडतात, आतून ग्रिल. वाऱ्याने पडदा ग्रिलमधून बाहेर जातो, गंजाचे डाग पडतात. रोलर ब्लाइंड चालेल का? (डोंबिवली)

उत्तर : चालेल, आणि तुमच्याकडे तोच बरा. झडप बाहेर जाते, त्यामुळे आतला कोनाडा मोकळा मिळतो. फक्त ग्रिलपासून भिंतीच्या आतल्या कडेपर्यंत ३ इंच निर्वेध हवेत. आत आलेली मूठ पट्टीने मोजायला विसरू नका, कापड तिलाच अडते. रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजून सगळ्यांत कमी भरेल ती द्या आणि हे ‘आतले माप’ असल्याचे दुकानदाराला सांगा. ब्लाइंडचे कापड ब्रॅकेटपेक्षा इंचभर अरुंद असते, कडेने उजेडाची रेघ येते. झोपण्याच्या खोलीत ती नको असेल तर ब्लाइंड भिंतीवर, दोन्हीकडे ३ इंच जास्त घेऊन लावा. पावसात भिजलेला ब्लाइंड गुंडाळू नका, सुकेपर्यंत खाली राहू द्या. ओला गुंडाळला की काळी बुरशी धरते आणि ती निघत नाही.

पडदाच ठेवायचा असेल तर खालच्या दुमडीत वजनाची साखळी ओवा आणि ग्रिलचा गंज घासून आधी रेड ऑक्साइडचा (गंजरोधक प्राइमरचा) हात द्या, त्यावर रंग द्या. पांढऱ्या सुती कापडावरचा ताजा डाग लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवल्यास फिकट होतो. रंगीत कापडावर हे आधी आतल्या शिवणीवर करून पाहा.