गाडीत बसून राहणारे पती

“यांचा देवावरचा विश्वास उडाला असेल का?” शिकागोच्या दक्षिण भागात समुपदेशन करताना आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांकडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते. इथे सांगते त्या बाईंची काळजी दुहेरी होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). त्यांचे पती दर रविवारी कुटुंबाला बाप्टिस्ट चर्चच्या दारात सोडत आणि उपासना संपेपर्यंत बाहेर गाडीतच बसून राहत. आता १३ वर्षांचा मुलगाही “मी बाबांजवळच थांबतो” म्हणू लागला होता.

अशा चर्चमध्ये बाकांवर स्त्रिया अधिक आणि व्यासपीठावर बहुधा पुरुष, हे चित्र जुनेच आहे. त्यावरून पुरुष अश्रद्ध ठरत नाहीत. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या २०१४ च्या पाहणीत कृष्णवर्णीय पुरुष आपल्या समाजातील स्त्रियांपेक्षा कमी, परंतु गौरवर्णीय स्त्रिया आणि पुरुष या दोघांपेक्षाही अधिक धार्मिक आढळले होते.

हे ठाऊक असूनही, तिसऱ्या भेटीत पती आले तेव्हा मी विश्वासाबद्दलच विचारले. ती माझी चूक होती. ते शांतपणे म्हणाले, “गाडीत मी रेडिओवर गॉस्पेलच, म्हणजे चर्चची भक्तिगीतंच ऐकतो.” मग हळूहळू उलगडले. गोदामातली नोकरी गेल्यावर दशांशाचे, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला देण्याचे, पाकीट रिकामे राहू लागले. अर्पणाची थैली बाकावरून सरकत आली की ते न बघता पुढे देत, आणि शेजारच्याने पाहिले असेल या विचाराने मान वर होत नसे. अशातच एका रविवारी घर न चालवू शकणाऱ्या पुरुषांवर प्रवचनातून ताशेरे ओढले गेले. त्यानंतर ते आत गेले नाहीत.

त्यांचे आजोबा आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाचे. फिलाडेल्फियात गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या कृष्णवर्णीयांना उठवले गेले, तेव्हा कृष्णवर्णीय धर्मोपदेशक रिचर्ड अ‍ॅलन आपल्या माणसांसह बाहेर पडले आणि पुढे १८१६ मध्ये हा पंथ उभा राहिला, हे पतींनीच मला ऐकवले. “मान राखण्यासाठी ते बाहेर पडले,” एवढेच म्हणून ते थांबले.

“आज आत येणार का?” हे विचारणे काही काळ बंद ठेवावे, आणि बाबा बाहेर का बसतात ते मुलाला बाबांनीच सांगावे, असे मी सुचवले. बाईंना ते पटायला वेळ लागला. पुढच्या भेटीला त्या एकट्याच आल्या. पती मुलाला घेऊन चर्चच्या तळघरातला गळका नळ दुरुस्त करायला गेले होते. रविवारचे मी विचारले नाही.